टांगून मोजलेली गाडी

शनिवार, १० ऑक्टोबर २०१५. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी एका अनोळखी गॅरेजच्या दारात उभा होतो आणि माझ्या हातातल्या तक्त्यावर त्रेपन्न मुद्दे होते. इंजिनाचे चौदा, चाके आणि ब्रेक यांचे सोळा, स्टिअरिंगचे सात, सांगाड्याचे अकरा, वीज आणि दिवे यांचे पाच. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन रकाने होते: मर्यादा, प्रत्यक्ष माप, निकाल. शेरा असा रकाना मी कधीच ठेवत नाही. शेऱ्याला जागा मिळाली की तपासनीस निकाल लिहायचे टाळतो.

आत उभी असलेली गाडी बारा वर्षांची होती. दोन दारांची, बसकी, करड्या रंगाची. ती कारखान्यातून निघाली तेव्हाही वेगासाठीच बनवलेली होती. पण पुढच्या मालकाचे तेवढ्यावर समाधान झाले नव्हते. स्प्रिंगा बदलून ती जमिनीच्या आणखी जवळ आणलेली होती. चाके मूळच्यापेक्षा रुंद होती. इंजिनाला टर्बो जोडलेला होता, मागचे बाक काढून टाकले होते आणि पुढे शर्यतीच्या गाडीत असतात तशा, माणसाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या खोलगट खुर्च्या होत्या. अशी गाडी जुनी घ्यायची म्हणजे एका माणसाने केलेले काम आणि दुसऱ्याने त्यात केलेले बदल, दोन्ही एकदमच विकत घ्यायचे. पहिल्याचे नकाशे मिळतात, दुसऱ्याचे मिळत नाहीत.

ती घ्यायची होती माझ्या धाकट्या भावाला. त्याचे वय चौसष्ट.

आम्ही दोघे एकाच यंत्रकारखान्यात नोकरीला होतो. मी तांत्रिक महाविद्यालयातून पदविका घेऊन थेट तपासणी विभागात लागलो. तो शिकाऊ म्हणून जुळणी विभागात शिरला आणि तिथेच मुरला. खात्यात त्याला सगळे ‘कानस’ म्हणत, कारण कुठल्याही भागावरून आणखी एक हलका हात फिरवल्याशिवाय तो भाग त्याच्या हातून सुटत नसे. माझेही एक नाव होते. ते मला निवृत्तीच्या दिवशी कळले: ‘नापास’.

गाडीच्या बाबतीत त्याने मला स्वतःहून एक अट घातली होती. “दादा, तू पास केलीस तर घेणार. नापास केलीस तर पुन्हा तिचं नाव काढणार नाही. घासाघीस नाही.”

मी होकार दिला होता. तेव्हा मला वाटले होते की प्रश्न गाडीचा आहे.

शुक्रवारी दुपारी भावजय आली. हातात एक रिकामा डबा होता. “तुमचा डबा बरेच दिवस राहिला होता,” म्हणत तिने तो ओट्यावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. ती घाईत असली की अशी टेकते, आणि घाईत नसली की तासभर तशीच टेकून राहते.

“भाऊजी, उद्या काहीतरी खोट काढा.”

“असली तर निघेलच.”

“आणि नसली तर?”

मी तो डबा उचलून मांडणीवर ठेवला.

“डोळ्यांचं तुम्हांला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “एप्रिलमध्ये परवान्याची मुदत संपतेय. तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर सही करणार नाहीत, हे ह्यांनाही कळतंय. म्हणून तर ही धडपड. मला म्हणतात, सहाच महिने उरलेत. सहा महिने मला एकदा मनासारखी गाडी चालवू दे.”

काचबिंदूचे निदान होऊन तीन वर्षे झाली होती. उजवा डोळा सावरला होता. डाव्याची बाहेरची कड हळूहळू मिटत चालली होती. जूनच्या तपासणीत डॉक्टरांनी दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर वाहन चालवायला हरकत घेतली नव्हती. एवढे मला माहीत होते.

“मागच्या आठवड्यात जेवताना डाव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला होता,” भावजय म्हणाली. “धक्का लागून पडला. मला म्हणतात, तू कडेला का ठेवतेस? भाऊजी, टेबलाच्या मधोमध होता हो पेला.”

“तू त्याला हे बोललीस?”

“मी बोलले की मी भित्री. मुलगी बोलली की ती बापाला अक्कल शिकवते. तुमचं तेवढं ऐकतात.”

“माझं नाही ऐकत. तक्त्याचं ऐकतो.”

“मग तक्त्याला सांगा ना!” ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली आणि लगेच खाली आली. “आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या कामात खोटी काढल्यात. एक माझ्यासाठी काढा. कुणाला कळणार आहे?”

मी तिला सांगितले की मी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही. हे वाक्य खरे होते, आणि बोलून झाल्यावर मला त्याची लाज वाटली. ती उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, “तुमची नोंद खरी राहू दे. माझा नवरा राहिला म्हणजे झालं.”

त्या दिवशी मी तक्ता पुन्हा एकदा तपासला. कुठला मुद्दा अवघड जाईल, कुठली मर्यादा थोडी आवळता येईल, हे पाहत होतो, असे आता लिहायला हरकत नाही.

गॅरेजमध्ये भाऊ माझ्या आधी पोचला होता.

“या, या, साहेब आले,” तो मोठ्याने म्हणाला. “अरे, खुर्ची दे त्यांना. बसले की नापास करायला बरं पडतं.”

गाडीचा मालक हसला. छत्तीस-सदतीस वर्षांचा, बंदरावर क्रेन चालवणारा माणूस. कमरेला रुंद पट्टा आवळलेला. माझ्याशी हात मिळवताना तो कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकला.

“काका, गाडीत काही दोष नाही,” तो म्हणाला. “दोष माझ्या पाठीत आहे. बसायला जमतं, उठायला दोन माणसं लागतात. बायको म्हणते, तुला काढायला क्रेन मागवू का?”

सगळे बदल त्याने स्वतः केले होते आणि प्रत्येकाची टिपणवही ठेवली होती. कुठला बोल्ट किती आवळला, कधी पुन्हा तपासला, सगळे तारखेनिशी. काढलेले मूळ भागही त्याने टाकले नव्हते. फडताळात नीट मांडलेले होते, आणि चालकाची मूळ खुर्ची कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवली होती. अशा माणसाच्या कामात खोट काढायची म्हणजे शोधावी लागणार होती.

आम्ही गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर ठेवली. चारही चाके मोकळी लोंबू लागली. मी पिशवीतून विजेरी, व्हर्नियर, फटी मोजायचे फिलर गेज आणि कापडात गुंडाळलेला चुंबक बाहेर काढला. चुंबक पत्र्यावर फिरवला की कुठे पुट्टी भरून रंग दिला आहे ते कळते. कुठेही भरलेली नव्हती.

भाऊ पहिला तासभर माझ्या मागे मागे होता. इंजिन चालू केले तेव्हा त्याने बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

“ऐक. चौघं सारखं बोलतायत.”

“कोण चौघं?”

“सिलिंडर रे! इतकी वर्षं काय ऐकलंस तू?”

“मी ऐकत नसे. मोजत असे.”

“तेच तर.” तो डोळे न उघडताच हसला. “इतकी यंत्रं जुळवली मी, दादा. जुळवायची, तेल घालायचं, एकदा फिरवून बघायचं आणि दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. चालवलं कोणी? दुसऱ्यानंच. आपल्या वाट्याला आली ती कारखान्याची व्हॅन. तिचा तिसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागायचा.”

“ती व्हॅन मीच नापास केली होती.”

“केली होतीस, आणि तरी ती आणखी सात वर्षं चालली.”

क्रेनवाला हसायला लागला आणि पाठीत कळ आल्यामुळे मधेच थांबला.

साडेअकरापर्यंत तेहेतीस मुद्दे झाले. सगळे पास. ब्रेकच्या रबरी नळ्या मी चारही चाकांवर पाहिल्या. पुढची चाके हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून नळी आणि टायर यांच्यातले अंतर मोजले. कमीत कमी चौदा मिलिमीटर. माझी मर्यादा आठ होती.

चौतिसावा मुद्दा स्टिअरिंगच्या सांध्यातल्या ढिलेपणाचा होता. मर्यादा ०.५० मिलिमीटर. माप आले ०.४८.

इथे माझे पेन थांबले. या मापात हाताचा जोर मोजला जातो. हात किंचित जड केला असता तर अर्धा मिलिमीटर सहज भरला असता. तो खोटा आकडा ठरला नसता, फक्त जड हाताने घेतलेला ठरला असता. भाऊ त्या वेळी क्रेनवाल्याबरोबर बाहेर चहा पीत उभा होता. भावजयीचे काम होणार होते. भावाचा जीव सुखरूप राहणार होता. आणि त्याने तर आधीच कबूल केले होते की घासाघीस नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी त्याच्या हातचे बारा शाफ्ट एकदम परत पाठवले होते. तीन शतांश मिलिमीटर जाड होते. जुळणी विभागासमोर, सगळ्यांच्या देखत त्यांच्यावर लाल खडूने फुल्या मारल्या. त्यानंतर चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. पण त्या चार महिन्यांत एकदाही त्याने, किंवा दुसऱ्या कोणीही, ते माप बरोबर होते का असे विचारले नाही. माझ्याशी अबोला धरला तरी माझ्या आकड्यावर त्याने कधी शंका घेतली नव्हती. आज मी तो आकडा वाकवला असता, तर त्याने तोही तसाच मान खाली घालून मान्य केला असता. नेमके तेच मला सहन झाले नाही.

मी ०.४८ लिहिले आणि पुढे ‘पास’.

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी त्रेपन्न मुद्दे पूर्ण झाले. मी तक्ता दोनदा वरून खाली वाचला आणि म्हणालो, “पास. सगळे.”

भाऊ ओरडला नाही, हसला नाही. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, शिकाऊ असताना साहेबासमोर बांधायचा तसे.

“सगळे?”

“सगळे.”

“मग आता मी एकदा हात फिरवतो,” तो म्हणाला.

“कशाला? झालं की.”

“तुझं झालं. माझं कुठं झालंय? गाडी खाली घ्या रे.”

आम्ही घोड्या काढल्या आणि गाडी जमिनीवर टेकवली. त्याने क्रेनवाल्याला चालकाच्या जागी बसवले, मला शेजारी. “हं, आता स्टिअरिंग डावीकडे. शेवटपर्यंत. धरून ठेव.” मग तो चाकापाशी फरशीवर सरळ आडवा झाला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या मागे त्याने खांद्यापर्यंत हात घातला. त्याचे तोंड आमच्या दिशेला होते, पण तो कुठेच पाहत नव्हता. बोटांनी पाहत होता.

“थोडं मागे. पुन्हा डावीकडे. हां, थांब.”

त्याचा खांदा पुढेमागे हलत राहिला. मग हात बाहेर आला. बोटे काळी झाली होती. त्याने ती एकमेकांवर चोळली, वास घेतला.

“दादा, उतर. हात घाल इथं.”

मी गुडघे टेकून हात घातला. ब्रेकची रबरी नळी टायरच्या आतल्या कडेला टेकलेली होती. टेकलेली म्हणजे सरळ दाबलेली. तिथे माझ्या बोटाला रुपयाएवढा एक गुळगुळीत, चपटा भाग लागला. बाकी नळी खरखरीत होती.

“चौदा मिलिमीटर होते,” मी म्हणालो.

“होते ना. गाडी टांगलेली होती तेव्हा.”

तो उठून बसला. त्याच्या आवाजात विजय अजिबात नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

“तुमच्या खोलीत सगळं गार, स्वच्छ, निवांत. वस्तू टेबलावर ठेवायची आणि मोजायची. तिच्यावर कुणाचं ओझं नाही, ती कुठं जात नाही. गाडी अशी कधी असते का रे? स्प्रिंगा आखूड, वर दोन माणसं, वळण आलं की चाक आत वर चढणार. नळी घासणार. एक दिवस वळणावर ब्रेक दाबायचा आणि पाय सरळ फरशीला.”

क्रेनवाल्याचा चेहरा उतरला होता. “काका, देवाशपथ, मला कल्पना नव्हती. मीही घोड्यांवरच तपासायचो.”

“तुझी चूक नाही,” मी म्हणालो. “माझी आहे.” हे मी त्याला उद्देशून बोललो, पण पाहत होतो भावाकडे. बत्तीस वर्षे मी प्रत्येक वस्तू ओझ्याविना मोजली आणि त्यालाच खरे माप मानत आलो. जुळणी विभागातून कधीमधी तक्रार येई की पास झालेला भाग यंत्रात बसल्यावर अडतो. तेव्हा मी त्यांना तक्ता दाखवत असे.

“तू गप्प बसला असतास तर गाडी तुझी झाली होती,” मी म्हणालो.

“हो, आणि पाय फरशीला कुणाचा लागला असता? तुझा? तू तर दुसऱ्या गिअरच्या वर जात नाहीस.”

“नापास लिहू?”

त्याने हात झटकले. “लिही. मग दुरुस्त करू. मग पुन्हा मोज. कारखान्यात काय करायचो?”

नवी नळी फडताळात होती. तिला आतल्या बाजूला ओढून धरणारी एक पट्टी हवी होती, तशी बाजारात मिळत नाही. भावाने पोलादी पट्टीचा तुकडा मागितला, वाइसच्या जबड्यात आवळला, कापला, वाकवला, दोन भोके पाडली आणि कानस घेतली. चष्मा त्याने कपाळावर सरकवला होता. डाव्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवायचा, दोन हात मारायचे, पुन्हा अंगठा. क्रेनवाला त्याच्या शेजारी हात बांधून उभा राहिला.

“काका, पुरे झालं की. कुणाला दिसणार आहे तिथं आत?”

“नळीला लागेल ना,” भाऊ म्हणाला. “कड बोचली तर तीच कापेल तिला. टायर बरा म्हणायची वेळ येईल.”

पट्टी बसवली, नळी बदलली, ब्रेकच्या तेलातली हवा काढून टाकली. या वेळी गाडी जमिनीवर होती, आत चालकाच्या जागी क्रेनवाला होता, शेजारी आणि मागे वाळूची पोती ठेवली होती, चाक शेवटापर्यंत वळवलेले होते, आणि मी आडवा होऊन मोजत होतो. अकरा मिलिमीटर. डावीकडे अकरा, उजवीकडे बारा. मी जुना आकडा एका रेघेने खोडला, वाचता येईल असा, शेजारी नवा लिहिला आणि सही केली.

दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. आता खरोखरच काही शिल्लक नव्हते. गाडी पास होती. माझ्याजवळ दाखवायला कारण नव्हते आणि भावजयीला द्यायला उत्तर नव्हते.

क्रेनवाल्याने चावी भावाच्या हातावर ठेवली. “एक चक्कर मारून या काका. आता तुमचीच.”

भाऊ चालकाच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याला नीट बसली होती. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, गिअर एकदा सगळ्या जागी फिरवून पाहिला, आरसे हलवले. चावी लावली नाही. ती त्याने मांडीवरच ठेवली.

“दादा, किती मुद्दे म्हणालास?”

“त्रेपन्न.”

“त्यात चालवणाऱ्याचा एकही नाही?”

मी हातातल्या तक्त्याकडे पाहिले.

“गाडी तू आधी टांगून मोजलीस, मग ओझं घालून मोजलीस,” तो समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाला. “ओझं म्हणून कुणाला बसवलंस? ह्याला आणि वाळूच्या पोत्यांना. ती चालवणार मी.”

“हा विषय डॉक्टरांचा आहे.”

“काल ती तुझ्याकडे डबा परत करायला आली होती ना?”

“हो.”

“तो डबा आमचाच आहे.” त्याच्या ओठांची एक बाजू हलली. “काय म्हणाली? खोट काढा म्हणाली?”

“हो.”

“आणि तू नाही काढलीस.”

“गाडीत नव्हती.”

त्याने बराच वेळ मान हलवली, होकारार्थी म्हणावी तशीही नाही. मग म्हणाला, “डॉक्टरांनी मला आकडा सांगितलाय. समोर बघताना बाजूचं पन्नास अंशांपर्यंत दिसलं पाहिजे. दोन्ही डोळे उघडे ठेवून, दोन्ही बाजूंना. जूनमध्ये डावीकडे बावन्न होते. घरात बोललो नाही. बावन्न म्हणजे पासच की, नाही का? पण तो जून होता. मोज मला.”

“मी काही डोळ्यांचा—”

“तू बारा शाफ्ट सगळ्यांसमोर परत पाठवलेस तेव्हा हात कापला नाही तुझा. आता काय झालं?”

क्रेनवाला दाराकडे सरकला. भावाने त्याला थांबवले. “तू जाऊ नकोस. तुझं काम आहे.”

गाडीत बसवून मोजता आले नसते, कारण छताचे खांब मधे आले असते. मी ते सांगितले. त्यावर क्रेनवाल्याने कोपऱ्यातल्या मूळ खुर्चीवरचे कापड काढले आणि आम्ही ती गॅरेजच्या मधोमध फरशीवर ठेवली. भाऊ त्यात बसला. मी त्याच्या डोळ्यांच्या बरोबर खाली ओळंबा सोडून फरशीवर बिंदू काढला, दोन मीटर दोरी घेऊन खडूने अर्धवर्तुळ मारले आणि कोनमापकाने त्यावर पाच-पाच अंशांच्या खुणा केल्या. सरळ समोर शून्य, दोन्ही हातांना नव्वद. भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला एक फुली काढली. लाल खडू नव्हता, पांढऱ्याने काढली.

क्रेनवाल्याच्या हातात काळी काठी होती. तिच्या टोकाला पांढऱ्या कापडाचा बोळा बांधला. त्याने तो खुणांवरून मागून पुढे, सावकाश आणायचा. भावाने फुलीवरून नजर न हलवता, बोळा दिसताच बोलायचे. मी भिंतीला पाठ लावून, फुलीखाली बसून त्याचे डोळे हलत नाहीत ना हे पाहायचे.

“चावी कुठं आहे?” मी विचारले.

त्याने मूठ उघडून दाखवली. “पन्नासच्या खाली आलं तर ह्याला परत. त्यावर चर्चा नको. तिच्याशी मी बोलेन, तू बोलू नकोस.”

“ठीक.”

आधी उजवी बाजू घेतली. “आलं,” तो लगेच म्हणाला. चौऱ्याऐंशी अंश. क्रेनवाल्याचा चेहरा उजळला आणि तो घाईने डावीकडे गेला. त्याने नव्वदपासून सुरुवात केली. दोनच पावले झाली असतील तोच भाऊ म्हणाला, “थांब.”

“दिसलं?” मी विचारले.

“नाही. बूट काढ रे बाबा. पावलं ऐकू येतायत मला. कानानं पास व्हायचं नाहीये.”

क्रेनवाल्याने बूट काढायला खाली बघितले, पण वाकता येईना. मी उठलो, त्याच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा भिंतीपाशी येऊन बसलो. तो मोज्यांवर, आवाज न करता चालू लागला.

मी भावाचे डोळे पाहत होतो. लहानपणापासून ओळखीचे, आणि तरी इतका वेळ, इतक्या जवळून मी ते कधीच पाहिले नव्हते. ते जराही हलले नाहीत. त्यांच्या कडेने पांढरा बोळा सत्तर ओलांडून आला, साठ ओलांडून आला. मला तो स्पष्ट दिसत होता. पन्नासच्या खुणेवर क्रेनवाल्याचा हात नकळत थांबला. मी बोटाने त्याला खूण केली: पुढे. भावाच्या कपाळाला घाम आला होता, मूठ मांडीवर घट्ट होती, आणि तो फुलीकडे पाहत वाट पाहत होता, एखाद्या गोष्टीची अजून वेळ झालेली नाही असे समजून.

“आलं,” तो शेवटी म्हणाला.

मी जाऊन खूण वाचली. तेहेतीस.

“किती?”

“पूर्ण झाल्यावर सांगतो.”

“पुन्हा घे,” तो म्हणाला. “एका मापावर निकाल देत नाहीस तू.”

पुन्हा घेतले. तीस. तिसऱ्यांदा घेतले. तीस. क्रेनवाल्याने काठी भिंतीला टेकवली आणि तो गाडीकडे तोंड करून उभा राहिला.

मी तक्ता उलटवला. त्रेपन्नच्या खाली एक रेघ मारून चौपन्नावा मुद्दा लिहिला: चालक, डावी बाजू. मर्यादेच्या रकान्यात पन्नास. प्रत्यक्ष मापाच्या रकान्यात तिन्ही आकडे एकाखाली एक. अक्षर नेहमीसारखेच आले.

भाऊ खुर्चीतून उठला नव्हता. “वाच,” तो म्हणाला. “मोठ्यानं वाच, त्यालाही ऐकू दे.”

मी वाचले. तेहेतीस, तीस, तीस. सरासरी एकतीस अंश. मी निकालाच्या रकान्यात ‘नापास’ लिहीपर्यंत भावाने चावी क्रेनवाल्यापुढे धरली होती.